सुटा पार्ट गाडीच्या नावाने नको, मापाने मागा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी वडिलांची १९९८ची बजाज चेतक आहे आणि रोजच्या वापराला सात-आठ वर्षांची ॲक्टिव्हा. चेतकच्या मागच्या चाकात ऑइल उतरतं आणि दुसरा गिअर निसटतो. ॲक्टिव्हाच्या ऑइल काढायच्या बोल्टाचे आटे गेलेत. दोन गॅरेजवाल्यांनी सांगितलं की सुटा पार्ट येत नाही, असेम्ब्ली (सगळे भाग जोडलेला पूर्ण संच) घ्या. चेतक तर विकूनच टाका. हे बारीक पार्ट मिळतात कुठे, ओळखायचे कसे आणि ऑनलाइन मागवावेत का, असं विचारलंय.

गॅरेजमध्ये "मिळत नाही" याचा अर्थ दर वेळी एकच नसतो. कधी कंपनीने तो पार्ट सुटा विकायला काढलेलाच नसतो, कॅटलॉगमध्ये त्याला स्वतःचा नंबरच नसतो. कधी नंबर असतो, पण नेहमीच्या दुकानदाराकडे माल नसतो. आणि बऱ्याचदा शोधायला अर्धा दिवस जाणार असतो, ज्याची मजुरी कोणीच देत नाही. यात मेकॅनिकला दोष देण्यासारखं फार नाही. एका सीलसाठी तो दुकान बंद करून पेठ फिरू शकत नाही. शोधायचं काम मालकाने अंगावर घेतलं, तर भंगारात जाणाऱ्या कितीतरी गाड्या रस्त्यावर राहतात. चेतक विकू नका.

गाडी बनवणारी कंपनी बेअरिंग स्वतः बनवत नाही. ऑइल सील (शाफ्टभोवती ऑइल अडवणारी रबरी कडी), ओ-रिंग, सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगसारखी कडी), नट-बोल्ट हेही बनवत नाही. हा सगळा माल ठरलेल्या मापांत तयार होतो आणि पंप, मोटर, गिरणी, स्कूटर अशा सगळ्यांना तोच लागतो. म्हणून काउंटरवर "चेतकच्या मागच्या चाकाचं सील द्या" म्हणालात तर ऑटो पार्टवाला "नाही" म्हणेल, आणि शेजारच्या गल्लीतला बेअरिंगवाला तीन आकडे ऐकून दोन मिनिटांत काढून देईल. त्याला गाडीचं नाव नको असतं, माप हवं असतं. एक साधा व्हर्नियर कॅलिपर (जबड्यांत धरून व्यास आणि जाडी मोजायचं साधन) घ्या. डिजिटलच हवा असं नाही, पण जबडे सरळ मिटणारा असावा.

बेअरिंगपासून सुरू करतो, कारण ते सर्वांत सोपं. कडेवर नंबर कोरलेला असतो. ६२०२ म्हणजे आतलं भोक १५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ३५, रुंदी ११. ६२०१ म्हणजे १२, ३२, १०. ६३०१चं भोक ६२०१इतकंच, १२चं, पण बाहेरून ३७ आणि रुंदी १२. म्हणजे ॲक्सलवर दोन्ही चढतील, हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) एकच बसेल. नंबरपुढची अक्षरं मात्र लोक वाचत नाहीत आणि घोटाळा तिथेच होतो. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण, टूआरएस म्हणजे रबरी सील. चाकात पाणी आणि चिखल जातो, तिथे टूआरएस घ्यावं. इंजिनच्या क्रँकला (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य शाफ्टला) सी३ लिहिलेलं लागतं. त्यात गोळ्यांना किंचित जास्त मोकळीक दिलेली असते, कारण इंजिन तापल्यावर धातू फुगतो. साधं बेअरिंग क्रँकला घातलं तर गार असताना ते छान फिरेल आणि दहा किलोमीटरवर आवळायला लागेल. नंबर पुसला गेला असेल तर तीन मापं घ्या, दुकानदार तक्त्यावरून नंबर सांगेल.

ऑइल सीलवर मापं अशी असतात: २०×३२×७. आधी शाफ्टचा व्यास, मग बाहेरचा, मग जाडी. जुन्या सीलवरचं वाचता येत नसेल तर ते सील मोजू नका, ते झिजून आणि फुगून बदललेलं असतं. शाफ्ट मोजा आणि सील ज्या खोबणीत बसतं ती मोजा. जाडीत एखाद्या मिलिमीटरचा फरक कधी चालून जातो, व्यासांत अजिबात नाही. बसवताना स्प्रिंगची बाजू ऑइलकडे ठेवायची आणि ओठाला (शाफ्टला टेकणाऱ्या रबरी कडेला) आधी बोटाने ऑइल लावायचं. कोरडं बसवलेलं सील पहिल्या फेरीतच ओठ जाळून घेतं. शाफ्टवर नख फिरवून बघा. खाच लागत असेल तर नवं सीलही गळणार. अशा वेळी सील खोबणीत थोडं कमी ठोकून ओठ शाफ्टच्या न झिजलेल्या भागावर आणता येतो, पण खोबणीत तेवढी जागा हवी.

टू-स्ट्रोक गाडीत सीलचं महत्त्व केवळ गळतीपुरतं नसतं. चेतकच्या क्रँकला दोन बाजूंना सील असतात. गिअरबॉक्सच्या बाजूचं गेलं की इंजिन गिअर ऑइल ओढून जाळतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर सुटतो आणि गिअर ऑइल कमी होत जातं. मॅग्नेटच्या बाजूचं गेलं की तिथून हवा शिरते, मिश्रण पातळ होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं), आणि थ्रॉटल सोडला तरी गाडी वरच्या आवाजात ओरडत राहते. लोक कार्बोरेटर बदलतात, प्लग बदलतात, शेवटी पिस्टन पकडतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो. मूळ आजार सीलचा असतो. जुन्या टू-स्ट्रोकवर खर्च करायचाच असेल तर पहिला इथे करा. या सीलच्या बाबतीत मी स्वस्त माल कधीच सुचवत नाही, कारण ते बदलायला इंजिन उतरवावं लागतं.

बोल्टकडे वळू, कारण ॲक्टिव्हाचा प्रश्न तिथलाच. हार्डवेअरच्या दुकानातला बोल्ट आणि गाडीचा बोल्ट दिसायला सारखा असला तरी दोन ठिकाणी फरक पडतो. एक म्हणजे डोकं. जपानी घराण्याच्या गाड्यांत ८ मिलिमीटरच्या बोल्टाला १२चा पान्हा लागतो, हार्डवेअरच्या बोल्टाला १३चा. १०च्या बोल्टाला गाडीत १४चा, बाजारात १७चा. तेवढं चालून जातं. दुसरा फरक आट्यांचा, आणि तो चालत नाही. ६ मिलिमीटरच्या बोल्टाचे आटे १ मिलिमीटर अंतराचे आणि ८च्या बोल्टाचे सव्वा मिलिमीटरचे. हे दोन्ही बाजारात सहज मिळतात. पण १० मिलिमीटरला गाडीत बहुतेक वेळा १.२५ अंतराचे बारीक आटे असतात आणि हार्डवेअरवाला काही न विचारता १.५ देतो. तो दोन फेऱ्या हाताने जातो, मग घट्ट होतो, आणि पान्हा लावला की ॲल्युमिनियममधले आटे ओरबाडून निघतात. काउंटरवर "दहाचा बारीक आट्याचा" असं मागा आणि जुना नट सोबत नेऊन तिथेच फिरवून बघा. बोल्टाच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असतो, तो त्याची ताकद सांगतो. आकडाच नसलेला बोल्ट मडगार्डला लावा, शॉकॲब्सॉर्बरला नाही.

चेतकमध्ये आणखी एक गंमत आहे, आणि ती तिच्या जन्माशी जोडलेली आहे. बजाजचा पियाजिओशी करार १९७१मध्ये संपला आणि १९७२पासून चेतक आली, पण तिची रचना व्हेस्पाच्याच वळणाची राहिली. त्यामुळे तिच्यात ७ मिलिमीटरचे स्टड (डोकं नसलेले, दोन्ही टोकांना आटे असलेले बोल्ट) आहेत, ज्यांच्या नटांना ११चा पान्हा बसतो. ७चा माल साध्या हार्डवेअरच्या दुकानात नसतो, आणि मग कोणीतरी भोक वाढवून ८चा ठोकतो. तसं करू देऊ नका. हे स्टड आणि नट जुन्या स्कूटरचे पार्ट ठेवणाऱ्यांकडे आजही मिळतात.

आता ॲक्टिव्हाचा ड्रेन बोल्ट. त्यासाठी क्रँककेस बदलायला सांगितलं असेल तर थांबा. आटे बोल्टाचे गेलेत की केसचे, हे आधी बघा. बोल्टाचे गेले असतील तर नवा बोल्ट आणि सोबत ॲल्युमिनियमचं वायसर, विषय संपला. ते वायसर दाबून बसण्यासाठीच मऊ केलेलं असतं, दर ऑइल बदलाला नवं घालायला हवं. जुनंच वापरलं की गळतं, गळतं म्हणून जास्त आवळलं जातं, आणि आटे जातात ते तिथून. केसचे आटे गेले असतील तर हेलिकॉइल घालून घ्या. भोक मोठं करून नवे आटे पाडतात आणि त्यात स्टीलच्या तारेचं मळसूत्र बसवतात. मूळ मापाचाच बोल्ट परत बसतो आणि हे आटे ॲल्युमिनियमच्या मूळ आट्यांपेक्षा मजबूत होतात. चांगला लेथवाला किंवा रिबोअरिंगचं वर्कशॉप हे काम करतं. फक्त बोल्ट सरळ लागेल असं भोक पाडलं गेलं पाहिजे आणि धातूचा कीस आत राहता कामा नये. काम झाल्यावर थोडं स्वस्त ऑइल ओतून बाहेर काढायला सांगा.

मापावर न मिळणारे, त्या गाडीसाठीच बनवलेले पार्टही असतात: लिव्हर, केबल, लॉक, किकचं रॅचेट, गिअरचे भाग. इथे पार्ट नंबरच कामाला येतो. होंडाचा नंबर तीन तुकड्यांचा असतो. पहिले पाच आकडे पार्ट कोणता ते सांगतात, मधली तीन अक्षरं कोणत्या मॉडेलसाठी तो पहिल्यांदा बनला ते, आणि शेवटचे आकडे त्याची आवृत्ती. १७९१०ने सुरू होणारा नंबर म्हणजे ॲक्सिलरेटर केबल, २२८७० म्हणजे क्लच केबल. हिरो होंडाच्या गाड्यांनाही हीच पद्धत होती. मधली अक्षरं तुमच्या मॉडेलची नसतील तर घाबरू नका. तो पार्ट आधीच्या एखाद्या गाडीसाठी बनला आणि तुमच्या गाडीतही तोच वापरला, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे तो त्या दुसऱ्या गाडीच्या नावानेही मिळेल, कदाचित जास्त सहज. साध्या बोल्टांच्या नंबरात तर मापच लिहिलेलं असतं. ९६००१-०६०२५ म्हणजे ६ मिलिमीटर जाड, २५ लांब असा फ्लँज बोल्ट (डोक्याखाली पसरट कडा असलेला). यामाहाच्या नंबरात मॉडेलची अक्षरं आधी येतात आणि पार्टचे आकडे नंतर.

कॅटलॉगचं पान बघताना गाडीचं साल आणि चेसिस नंबर जवळ ठेवा. १७ अक्षरांच्या चेसिस नंबरात दहावं अक्षर बहुतेक कंपन्या सालासाठी वापरतात. हे महत्त्वाचं का, तर एकाच नावाची गाडी आतून अनेकदा बदललेली असते. १ एप्रिल २०२०पासून बीएस ६ हा प्रदूषणाचा नियम आला आणि स्कूटरमध्ये कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. त्या आधीची आणि नंतरची ॲक्टिव्हा यांना एकच समजून केबल किंवा एअर फिल्टर मागवणारे लोक नंतर परत करायला धावतात. जुना नंबर बंद झाला असेल तर अधिकृत काउंटरवरच्या माणसाला त्याच्या जागी आलेला नवा नंबर बघायला सांगा. त्याच्या संगणकात तो दिसतो.

बाजारांचं सांगतो. पुण्यात नाना पेठ ही दुचाकीच्या पार्टची मुख्य जागा. सकाळी साडेअकरानंतर आणि संध्याकाळच्या गर्दीआधी जा, काउंटरवरच्या माणसाला डबे उघडून बघायला वेळ असतो. ज्या दुकानात मागे जुने लाकडी खण आहेत आणि म्हातारा मालक बसतो, तिथे आधी विचारा. चेतक, प्रिया, एम-एटी, लूना, आरएक्स १०० यांचा न खपलेला माल अशाच खणांत सापडतो. बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, तिथे वापरलेले पार्ट मिळतात. मुंबईत बेअरिंग, सील, ओ-रिंग, सर्क्लिप आणि वेगळ्या मापाचे बोल्ट यांसाठी नागदेवी स्ट्रीट. अख्खी गल्लीच मापाच्या मालाची आहे. कोल्हापूरकडच्या लोकांना शिवाजी उद्यमनगर जवळ आहे, तिथले लेथवाले बुश आणि पिन हातात नमुना घेऊन करून देतात. तालुक्याच्या गावी असाल तर मोटर रिवाइंडिंगवाला आणि शेतीपंप दुरुस्तीवाला कुठून बेअरिंग आणतात ते विचारा. तोच तुमचा दुकानदार.

जाताना जुना पार्ट सोबत न्या, तुटलेला असला तरी. त्यावरचं ग्रीस पुसा, नंबर शोधा, बसवलेल्या जागी असतानाचा फोटो काढून ठेवा. डावा-उजवा, वर-खाली हे दुकानात आठवत नाही.

लेथवर काय करून घ्यावं? ब्रेक पेडलचा बुश, स्टँडची पिन, स्पेसर, सायलेन्सरचा वायसर हे आनंदाने करून घ्या. पितळी बुश कंपनीच्या प्लास्टिक बुशपेक्षा जास्त टिकतो. चाकाचा ॲक्सल, हँडलचे भाग आणि ब्रेकचा कॅम (ब्रेक शू फाकवणारा तुकडा) मात्र लेथवर साध्या लोखंडातून कधीच करून घेऊ नका. कंपनीचा ॲक्सल ठरावीक पोलादाचा आणि उष्णता देऊन कणखर केलेला असतो. दुकानात केलेला दिसायला तसाच दिसतो, पण आधी वाकतो आणि मग तुटतो, तोही चालत्या गाडीखाली. ब्रेक केबलचं टोक घरी डाग देऊन दुरुस्त करणंही तसंच धोक्याचं. ॲक्सिलरेटर केबल तुटली तर गाडी थांबते, ब्रेक केबल तुटली तर थांबत नाही.

वापरलेल्या पार्टबद्दलही हीच रेघ ओढतो. साइड पॅनल, टूलबॉक्सचं झाकण, हेडलाइटची रिंग, मॅग्नेट, कार्बोरेटरची बॉडी, गिअर हे जुन्या बाजारातून घ्यावेत. ब्रेक शू, केबल, टायर, कोणतंही रबर, चेन हे नाही. रबराचं तर नवं असूनही वय बघावं लागतं. खणात पंधरा वर्षं पडलेलं सील पाकिटात कोरं दिसतं आणि ओठ कडक झालेला असतो. दुकानातच नखाने दाबून बघा, लगेच परत उठलं पाहिजे. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं, त्याने जुन्या प्रकारच्या रबराच्या ओ-रिंग आणि पेट्रोलच्या नळ्या फुगतात किंवा तडकतात. कार्बोरेटरला जुना साठा घालण्याऐवजी इंधनासाठीचं व्हायटॉन रबर मागून घ्या.

खरं-खोटं ओळखायचं कसं, हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. गाडीच्या कंपनीचे कितीतरी पार्ट दुसरेच बनवतात, आणि तेच पार्ट ते स्वतःच्या डब्यातही विकतात. जुना शॉकॲब्सॉर्बर, केबल किंवा क्लच प्लेट काढलीत की त्यावर कोणाचा छाप आहे बघा. एंड्युरन्स, गॅब्रिएल, सुप्रजित, व्हॅरॉक असं काही दिसेल. त्या उत्पादकाचा डबा घेतला तर दर्जा तोच आणि बहुतेकदा किंमत कमी. नकली माल मात्र याच नावांच्या डब्यांत येतो. पाकिटावर एमआरपी, उत्पादनाचा महिना-वर्ष, बनवणाऱ्याचा पत्ता आणि ग्राहक सेवेचा क्रमांक असायला हवा, हे सगळं कायद्यानेच बंधनकारक आहे. छपाई अस्पष्ट, पार्टवरचा छाप उथळ, आणि दुकानदार बिल द्यायला नाखूश, अशी तिन्ही लक्षणं जमली तर परत फिरा. बेअरिंगच्या बाबतीत एसकेएफचं स्वतःचं ॲप आहे, फोटो पाठवून खात्री करता येते. इतर ठिकाणी बिल हाच आधार.

ऑनलाइन मागवण्याला माझा विरोध नाही. पार्ट नंबर माहीत असेल आणि विक्रेता पार्टच्या छापाचा फोटो दाखवत असेल तर जरूर मागवा, गावाकडच्या माणसाला तर तो मोठा आधार आहे. "सर्व मॉडेलला बसेल" असं लिहिलेलं मात्र घेऊ नका. स्पार्क प्लगचं उदाहरण घ्या. एनजीकेच्या नंबरात आकडा वाढला की प्लग जास्त थंड (उष्णता लवकर बाहेर सोडणारा), बॉशच्या नंबरात उलटं, आकडा वाढला की जास्त गरम. आटे १० मिलिमीटरचे की १४चे, आणि आट्यांची लांबी साधारण १३ मिलिमीटर की १९, हेही वेगवेगळं. १३च्या जागी १९चा घातला तर तो पिस्टनला भिडू शकतो. जाहिरातीत यातलं काही लिहिलेलं नसतं.

एक बारीक गोष्ट, कारण ती रोज चुकीची बसवलेली दिसते. चेन लॉकच्या क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेला पळते त्या दिशेला हवं. उघडं तोंड पुढे ठेवलं तर कशाला तरी घासून क्लिप उडते.

आता तुमच्या चेतकचं. दुसरा गिअर निसटतो तो बहुधा गिअरच्या क्रॉसमुळे. शाफ्टच्या आत सरकणारा चार टोकांचा तो छोटा तुकडा असतो आणि ज्या गिअरचा वापर जास्त, त्यावर त्याच्या कडा गोल होतात. पण आधी गिअरच्या दोन्ही केबल ताणून बघा, हँडलवरची खूण आणि गिअर जुळत नसेल तर क्रॉस चांगला असूनही गिअर सुटतो. केबल नीट करूनही सुटत असेल तर इंजिन उघडावं लागेल, आणि उघडलंच तर क्रँकची दोन्ही सील, पॅकिंगचा सेट, किकचं रबर हे सगळं आणून ठेवून मगच उघडायला सांगा. मेकॅनिककडे गाडी उघडी पडून राहिली की वायसर हरवतात. क्रॉस घेताना जुना शेजारी ठेवून टोकांची जाडी मोजा, बाजारात दोन-तीन प्रकारचे मिळतात.

मागच्या चाकातलं ऑइल हबच्या सीलमधून येतंय. ते काढायला ड्रम उतरवावा लागतो, म्हणजे मोठा नट आणि त्याला अडकवलेली स्प्लिट पिन. ती पिन जुनीच सरळ करून परत घालू देऊ नका. नवी घाला, चाक तिच्या भरवशावर असतं. ब्रेक शू ऑइलने भिजलेले असणार. पेट्रोलने धुतले तर दोन दिवस बरे वाटतील आणि पहिल्या उतारावर पुन्हा सरकतील, कारण ऑइल लायनरच्या (शूवरच्या घासणाऱ्या थराच्या) आत मुरलेलं असतं. नवे शू घाला, ड्रम आतून पॉलिश पेपरने कोरडा करून घ्या, आणि पुढचे काही दिवस चाकाच्या आतल्या कडेला बोट फिरवून ओल येते का ते बघत राहा.